टँडेम सेलमधलं व्होल्टेज नेमकं कुठे गळतंय? वाहक थरांबद्दल एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने सिलिकॉन हेटरोजंक्शन सौर सेलवर (स्फटिक सिलिकॉनवर अमॉर्फस सिलिकॉनचे पातळ थर असलेला सेल) पेरोव्स्काइट, म्हणजे प्रकाश शोषणारा शिशाचा स्फटिक पदार्थ, चढवून दोन टोकांचा टँडेम, म्हणजे एकावर एक दोन सेल असलेला, सेल तयार केला आहे. सिलिकॉनची वरची बाजू सपाट आहे. त्यावर क्रमाने २० नॅनोमीटर आयटीओ (पारदर्शक वाहक ऑक्साइड), होल म्हणजे धन भार वाहून नेणारा निकेल ऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर, १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्ट बँडगॅपचं पेरोव्स्काइट, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा २० नॅनोमीटर सी६०, एएलडीने (वायूंमधून एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) बसवलेला टिन ऑक्साइड, आयझेडओ (वरचा पारदर्शक इलेक्ट्रोड) आणि चांदी. आकडे असे: ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसताना मिळणारं) १.७४, करंट चौरस सेंटिमीटरला १९.२ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर (या दोन्हींच्या गुणाकारातला प्रत्यक्ष हाती येणारा वाटा) ७२ टक्के, म्हणजे कार्यक्षमता जेमतेम २४. विचारणा अशी: ‘निकेल ऑक्साइडमध्ये तांब्याचं डोपिंग वाढवून थराची वाहकता सुधारू का?’

नको. निदान आत्ता तरी नको. का ते आधी कागदावर पाहू.

तुमचा निकेल ऑक्साइड २० नॅनोमीटर जाड आहे, म्हणजे २ × १०⁻⁶ सेंटिमीटर. त्याची वाहकता बेतास बात, सेंटिमीटरला १०⁻⁴ सीमेन्स धरली तरी करंटच्या वाटेत येणारा रोध निघतो ०.०२ ओहम चौरस सेंटिमीटर. १९.२ मिलिअँपिअरवर त्यात अर्धा मिलिव्होल्टसुद्धा जात नाही. डोपिंग करून वाहकता दहापट केलीत तरी वाचणार तेवढाच अर्धा मिलिव्होल्ट. डोपिंगने फर्मी पातळी सरकते, पृष्ठभागावरच्या निकेलची अवस्था बदलते, हे परिणाम खरे आहेत. पण तेव्हा तुम्ही वाहकता नाही, इंटरफेस, म्हणजे दोन थरांमधली सीमा, बदलत असता. मग सरळ इंटरफेसवरच काम करावं.

आता व्होल्टेजचा हिशेब. चांगला हेटरोजंक्शन सेल टँडेमच्या खाली, निम्म्या प्रकाशात, ०.७० व्होल्टच्या आसपास देतो. १.७४ मधून ते वजा केले की पेरोव्स्काइटच्या वाट्याला उरतात १.०४. १.६८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पदार्थाची सैद्धांतिक मर्यादा १.४ व्होल्टच्या जवळ आहे आणि नीट बनवलेले वरचे सेल १.२० ते १.२५ देतात. म्हणजे दीड-दोनशे मिलिव्होल्ट गळताहेत, आणि ते थरांच्या पोटात नाही, त्यांच्या तोंडाशी गळताहेत. तुलनेसाठी: २०२० मध्ये बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ झेंट्रुम या संशोधन केंद्राच्या गटाने २९.१५ टक्क्यांचा प्रमाणित टँडेम दाखवला. त्यात पेरोव्स्काइट हेच, १.६८ चं. होलच्या बाजूला मात्र एका रेणूएवढ्या जाडीचा स्वयंरचित थर, म्हणजे सॅम, होता. त्या कामात टँडेमचं व्होल्टेज १.९२ पर्यंत गेलं होतं. त्यानंतर लोंगी या चिनी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये ३३.९ आणि २०२४ मध्ये ३४.६ टक्के गाठले. एकट्या जंक्शनची सैद्धांतिक मर्यादाच ३३.७ च्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं.

गळती कुठल्या बाजूला आहे ते पाहिल्याशिवाय रसायनांची ऑर्डर देऊ नका. त्यासाठी टँडेम लागत नाही, काचेवरचे अर्धे थर पुरतात. एकाच दिवशी, एकाच शाईने चार नमुने करा: नुसत्या काचेवर पेरोव्स्काइट, आयटीओ आणि निकेल ऑक्साइडवर पेरोव्स्काइट, काचेवर पेरोव्स्काइट आणि वर सी६०, आणि दोन्ही वाहक थरांसह पूर्ण जोड, फक्त वरच्या इलेक्ट्रोडशिवाय. चौघांचं फोटोल्युमिनेसन्स (पीएल), म्हणजे लेझर पडल्यावर नमुन्यातून परत येणारा उजेड, एकाच लेझरखाली, एकाच कोनातून मोजा. इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा उजेड गोळा करणारा पोकळ गोळा) असेल तर उत्तमच, नसेल तरी गुणोत्तर पुरतं. खोलीच्या तापमानाला उजेड दहापट घटला की साधारण ६० मिलिव्होल्ट गेले, शंभरपट घटला की ११९. तुमच्या १.०४ व्होल्टचा अर्थ असा की पूर्ण सेलमध्ये दहा लाख फोटॉन शोषले जातात तेव्हा जेमतेम एखादा परत उजेड म्हणून बाहेर पडतो.

इथे एक गैरसमज खोडून काढायला हवा, कारण तो पेपरांमधून सर्रास दिसतो. ‘वाहक थर लावल्यावर पीएल क्वेंच झालं (मंदावलं), म्हणजे चार्ज छान खेचला जातोय’ असं लिहिलं जातं. पण तुमच्या अर्ध्या नमुन्याला तारच जोडलेली नाही. खेचलेला चार्ज जाणार कुठे? तो इंटरफेसवर जाऊन पुनर्मीलनात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना भेटून, मरतो, म्हणून उजेड कमी होतो. स्थिर प्रकाशात मोजलेलं क्वेंचिंग ही तक्रार आहे, प्रशस्तिपत्र नाही. चांगला वाहक थर लावल्यावर पीएल जवळपास तेवढंच राहायला हवं.

माझा अंदाज विचाराल तर तुम्हाला दोन्ही बाजूंना तोटा दिसेल, आणि दुरुस्त करायला सोपी बाजू होलची आहे.

निकेल ऑक्साइडची अडचण अशी की त्याच्या पृष्ठभागावरचं जास्त ऑक्सिडाइज झालेलं निकेल पेरोव्स्काइटमधल्या आयोडाइडशी आणि अमाइन घटकांशी भिडतं. सीमेवर लेड आयोडाइडचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि व्होल्टेज तिथेच अडतं. निकेल ऑक्साइड काढून टाका असं मी म्हणत नाही. आयटीओवर सॅमचे रेणू कधी कधी विरळ बसतात, निकेल ऑक्साइडवर ते दाट बसतात आणि शंटही, म्हणजे करंट आतल्या आत गळण्याच्या वाटा, कमी होतात. म्हणून निकेल ऑक्साइड पातळ करा, आणि त्यावर सॅम.

सॅमसाठी तीन नावं सारखी कानावर येतील: २पॅक्झ, एमईओ-२पॅक्झ आणि मी-४पॅक्झ. तिन्हींच्या एका टोकाला कार्बाझोल, दुसऱ्या टोकाला फॉस्फॉनिक आम्ल. आम्लाचं टोक ऑक्साइडला धरतं, कार्बाझोल पेरोव्स्काइटकडे तोंड करून उभं राहतं. १.६८ च्या पेरोव्स्काइटला व्होल्टेज आणि फिल फॅक्टर दोन्हींसाठी मी-४पॅक्झ सर्वांत बरं, पण वागायला सर्वांत खट्याळ. सुरुवात २पॅक्झने करा, हात बसला की पुढे जा.

द्रावणाची तीव्रता १ मिलिमोलर, इथेनॉलमध्ये. २पॅक्झचा रेणुभार २७५.२, म्हणजे मिलिलिटरला ०.२८ मिलिग्रॅम, मी-४पॅक्झचा ३३१.४, म्हणजे ०.३३ मिलिग्रॅम. एक मिलिलिटरपुरतं वजन करायला जाऊ नका, साध्या काट्यावर ०.३ मिलिग्रॅम म्हणजे निव्वळ अंदाज असतो. २पॅक्झ २.८ किंवा मी-४पॅक्झ ३.३ मिलिग्रॅम घ्या आणि १० मिलिलिटर करा. १५ मिनिटं अल्ट्रासॉनिकमध्ये ठेवा. इथेनॉल निर्जल हवं. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बाटली उघडली की ती हवेतलं पाणी ओढते, म्हणून बाटलीत ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सच्छिद्र दाणे) टाकून ठेवा. ४ अँगस्ट्रॉमच्या नकोत, त्यांच्या छिद्रांत इथेनॉलही शिरतं. सीव्ह वापरण्यापूर्वी २५० ते ३०० अंशांवर तापवून घेतलेल्या हव्यात, दुकानातून आणल्या आणि टाकल्या असं चालत नाही.

पृष्ठभागाला १५ मिनिटं यूव्ही-ओझोन द्या आणि लगेच, पंधरा मिनिटांच्या आत, नमुना ग्लोव्हबॉक्समध्ये घेऊन सॅम ओता. ओझोनने उघडे केलेले हायड्रॉक्सिल गट हीच सॅमची मुळं. नमुना टेबलावर पडून राहिला की हवेतला तेलकट थर त्यांच्यावर बसतो. द्रावण ओतल्यावर अर्धा मिनिट तसंच राहू द्या, मग ३००० आरपीएमवर ३० सेकंद फिरवा आणि १०० अंशांवर १० मिनिटं तापवा. त्यानंतर फिरत्या नमुन्यावर निर्मळ इथेनॉल सोडून एकदा धुवा. ही धुण्याची पायरी बरेच जण गाळतात. न धुतलेले जादा रेणू एकावर एक थर करून बसतात, ते पृष्ठभागाला बांधलेले नसतात, आणि पेरोव्स्काइटच्या शाईतल्या डीएमएफ या द्रावकात विरघळून वर तरंगतात. मग एकाच बॅचमधले दोन सेल दोन तऱ्हेचे निघतात आणि दोष शाईच्या माथी मारला जातो.

मी-४पॅक्झचा खट्याळपणा म्हणजे त्याचा पृष्ठभाग शाईला जवळ करत नाही. डीएमएफ-डीएमएसओची शाई अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होते आणि फिल्मला भोकं पडतात. नमुना दिव्यासमोर धरलात तर डोळ्यांनाच दिसतील. यावर उपाय तीन. मी-४पॅक्झमध्ये थोडं एमईओ-२पॅक्झ मिसळणं. शाईआधी नुसत्या डीएमएफने पृष्ठभाग एकदा ओला करून फिरवणं. किंवा अॅल्युमिनाच्या नॅनोकणांचं अगदी विरळ द्रावण सॅमवर फिरवणं, इतकं विरळ की कण सलग थर न करता बेटांसारखे बसतील. पहिला उपाय सर्वांत स्वस्त. मिश्रण नवास एक या प्रमाणापासून सुरू करा आणि भोकं थांबतील तिथे थांबा.

कोल्हापुरात पातळ थरांची परंपरा मोठी आहे. शिवाजी विद्यापीठात केमिकल बाथ, सिलार, स्प्रे पायरोलिसिस या पद्धतींवर कित्येक वर्षं काम चाललं आहे, त्यामुळे ‘स्प्रेने निकेल ऑक्साइड मारू’ असा विचार मनात येणारच. काचेवर तो थर उत्तम होतो. पण स्प्रेला ४०० अंशांच्या आसपासची प्लेट लागते, आणि हेटरोजंक्शन सेलमधलं हायड्रोजनयुक्त अमॉर्फस सिलिकॉन २०० अंशांपलीकडे पॅसिव्हेशन (पृष्ठभागावरचे दोष झाकण्याचं काम) सोडू लागतं. वरचा थर सुधारता सुधारता खालच्या सेलचं व्होल्टेज घालवून बसाल. खाली टॉपकॉन सेल (पातळ ऑक्साइड आणि पॉलिसिलिकॉनचा सिलिकॉन सेल) असेल तर त्याला जास्त तापमान सोसतं, तिथे स्प्रे आजमावता येईल. तरी आधी नुसता खालचा सेल त्याच तापमानातून काढून त्याचं व्होल्टेज आधी आणि नंतर मोजा.

आयटीओबद्दल एकच सूचना. तो जितका जाड, तितका आडवा करंट वाहतो, आणि वरच्या फिल्ममधलं एक भोक आजूबाजूचा बराच भाग आपल्याकडे ओढून घेतं. २० नॅनोमीटर ठीक आहे, वाढवू नका.

आता इलेक्ट्रॉनची बाजू. खरं दुखणं इथे आहे. सी६० इतका सर्वत्र वापरला जातो तो त्याच्या गुणांपेक्षा सोयीमुळे: निर्वातात सहज उडतो, सगळीकडे सारखा बसतो, आणि त्याच्यावर एएलडी करता येतं. पण पेरोव्स्काइट आणि सी६० थेट भिडले की त्या सीमेवर पुनर्मीलन जोरात होतं. तुमच्या चार नमुन्यांपैकी सी६० वाल्याचं पीएल शंभरपट पडलेलं दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

उपाय म्हणजे दोघांमध्ये अगदी पातळ पडदा. सर्वांत सोपा लिथियम फ्लोराइडचा, निर्वातात १ नॅनोमीटर. पहिल्या दिवशी व्होल्टेज छान वाढतं, पण लिथियमचे आयन भटके असतात आणि टिकाऊपणात मार खावा लागतो. मॅग्नेशियम फ्लोराइड त्यापेक्षा शांत. मला स्वतःला डायअमोनियम क्षारांचा मार्ग पटतो: एथिलीनडायअमोनियम डायआयोडाइड, प्रोपेनडायअमोनियम आयोडाइड किंवा पिपरेझिनियम आयोडाइड. हे रेणू दोन्ही टोकांनी पृष्ठभागाशी बांधले जातात, सीमेवरचं क्षेत्र बदलतात आणि होलना सी६० पासून लांब ठेवतात. मिलिलिटरला अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, १ मिलिग्रॅमच्या फार पलीकडे जाऊ नका. आयसोप्रोपेनॉलमध्ये थोडं गरम करून विरघळवा, मग तितकंच टोल्युइन किंवा क्लोरोबेंझिन मिसळा. नुसतं आयसोप्रोपेनॉल पेरोव्स्काइटच्या वरच्या कातडीतले सेंद्रिय क्षार धुऊन नेतं. ४००० आरपीएम, १०० अंशांवर ५ मिनिटं. जास्त झालं की कसं ओळखायचं? व्होल्टेज वाढलेलंच राहतं, पण फिल फॅक्टर कोसळतो आणि करंट-व्होल्टेजच्या वक्राला एस आकाराची मुरड पडते. इलेक्ट्रॉनच्या वाटेत तुम्ही भिंत बांधलीत असा त्याचा अर्थ. तीव्रता निम्मी करा.

फेनिलइथिलअमोनियमसारखे क्षार एन-आय-पी रचनेत (वाहक थरांचा क्रम उलटा असलेल्या) नावाजलेले आहेत म्हणून इथे लावू नका. त्यांचा द्विमितीय थर होलच्या बाजूला चालून जातो, इलेक्ट्रॉनच्या बाजूला तोच अडसर होतो.

सी६० स्वतःही खर्चिक आहे. तो ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा वाटा खातो, आणि टँडेममध्ये प्रकाश वरूनच, त्याच्यातूनच येतो. २० वरून १२ ते १५ नॅनोमीटरवर उतरा; १० च्या खाली गेलात तर थर सलग राहत नाही. रोधाचाही हिशेब बघा: सी६० ची वाहकता १०⁻⁶ धरली तर २० नॅनोमीटरमध्ये २ ओहम चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ३८ मिलिव्होल्ट. निकेल ऑक्साइडच्या तुलनेत हे शंभरपट झालं. डोपिंगचा सगळा खटाटोप चुकीच्या थरावर कसा चालला होता, ते इथे कळतं.

उडवताना दाब १० वर उणे ६ मिलिबारपर्यंत उतरू द्या, पहिले ५ नॅनोमीटर सेकंदाला ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमच्या वेगाने, मग थोडा वेग वाढवा. नवी पूड आधी शटर बंद ठेवून तापवा, तिच्यातलं अडकलेलं द्रावक आणि ऑक्सिजन निघून जाऊ दे. क्रुसिबलमधली पूड महिनोन्महिने पुन:पुन्हा तापवू नका. ती दिसायला काळीच दिसते, पण बिघडलेली असते, आणि फिल फॅक्टर हळूहळू का घसरतोय याचा पत्ता लागत नाही. प्रत्येक रनची तारीख आणि स्रोताचं तापमान वहीत लिहा. त्याच वेगासाठी तापमान वर वर जाऊ लागलं की पूड बदला.

टिन ऑक्साइडला ९० ते १०० अंश पुरेत. टीडीएमए-टिनची (टिन पुरवणाऱ्या रसायनाची) बाटली ५५ ते ६० अंशांवर, सोबत पाण्याची वाफ, एका फेरीत साधारण ०.१ ते ०.१५ नॅनोमीटर, म्हणजे २० नॅनोमीटरसाठी दीडशेच्या आसपास फेऱ्या. इतक्या कमी तापमानात वायू भिंतींना चिकटून राहतात, त्यामुळे पर्ज (उरलेला वायू बाहेर काढण्याचा वेळ) १० सेकंदांपेक्षा कमी ठेवला तर थर जाड येतो, पण भुसभुशीत. ओझोन वापरू नका, सी६० ला ते खपत नाही. आणि सी६० वर टिन ऑक्साइडची पकड मुळातच कच्ची असते. टेप लावून ओढलं तर सेल तिथेच सोलून निघतो. मॉड्यूल करायचा विचार असेल तेव्हा हे आठवा. एएलडीचा रन तासाहून जास्त चालतो, मध्ये वीज गेली तर नमुना पाण्याच्या वाफेत गरम बसून राहतो. वळवाच्या दिवसांत दुपारी तीननंतर रन सुरू न करणं, किंवा पंप आणि हीटर यूपीएसवर घेणं, यातलं एक तरी करा.

आयझेडओ प्लाझ्माने (स्पटरिंगने) मारताना शक्ती कमी ठेवा. एस आकाराचा वक्र इथूनही येतो, म्हणून क्षारांना दोष देण्याआधी टिन ऑक्साइड ५ नॅनोमीटरने जाड करून बघा. मुरड गेली तर दोषी प्लाझ्मा होता. चांदीच्या रेषांमधलं अंतरही तपासा. आयझेडओचा शीट रेझिस्टन्स ४० ओहम धरला आणि रेषा एकमेकींपासून एक सेंटिमीटर अंतरावर असल्या, तर रोध ३.३ ओहम चौरस सेंटिमीटर होतो आणि ६० हून अधिक मिलिव्होल्ट जातात. तेच अंतर २ मिलिमीटर केलं की ०.१३ ओहम. मास्कचं काम उद्यमनगरात करून घेता येईल, पत्रा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा स्टेनलेस घ्या आणि तो नमुन्याला सपाट चिकटून बसेल असा होल्डर करून घ्या, नाहीतर चांदी खाली पसरते आणि क्षेत्रफळ खोटं येतं.

टँडेमचा फिल फॅक्टर फसवा असतो. दोन सेलचे करंट जुळत नसतील तर फिल फॅक्टर आपोआप वाढतो. सी६० पातळ केलात, वरच्या सेलचा करंट वाढून जुळणी झाली, की फिल फॅक्टर दोन टक्के उतरलेला दिसेल आणि तुम्ही चांगला बदल मागे घ्याल. म्हणून ईक्यूई (प्रत्येक रंगाच्या प्रकाशाचा किती वाटा करंट बनतो ते) मोजल्याशिवाय फिल फॅक्टरवर निकाल देऊ नका. वरचा सेल मोजताना खालच्याला ८५० नॅनोमीटरच्या आसपासच्या एलईडीने भिजवा, खालचा मोजताना वरच्याला निळ्या एलईडीने. भोकांची शंका असेल तर सूर्याच्या दहाव्या हिश्श्यात व्होल्टेज मोजा: निरोगी टँडेमचं ते दीड-पावणेदोनशे मिलिव्होल्टने उतरतं. तीनशेच्या पुढे उतरलं तर शंट आहे, आणि तोवर इंटरफेसच्या गप्पा व्यर्थ.

पावसाळ्यात हवेतला ओलावा ८५-९० टक्क्यांच्या वर राहतो, म्हणून जुलैतल्या बॅचची तुलना फेब्रुवारीतल्या बॅचशी करू नका. प्रत्येक बॅचमध्ये जुन्या कृतीचे चार सेल ठेवा आणि नव्याची तुलना फक्त त्यांच्याशीच करा. शिशाची शाई आणि तिने माखलेले टिश्यू वेगळ्या डब्यात साठवा, बेसिनमध्ये ओतलं तर ते शेवटी पंचगंगेत जातं.

क्रम असा ठेवा: आधी चार अर्धे नमुने, मग काचेवरच्या एकेरी सेलमध्ये सॅम, त्याच सेलमध्ये क्षार, आणि ते १.१८ व्होल्टच्या वर स्थिर झाल्यावरच सिलिकॉनला हात लावा. स्थिर म्हणजे जास्तीत जास्त शक्तीच्या बिंदूवर ३०० सेकंद धरून ठेवल्यावर आकडा घसरत नाही असा. एका स्कॅनमध्ये आलेला उंच आकडा वहीत लिहा हवं तर, पण गाइडना दाखवू नका.